सामाईक अंगण

डोंबिवली, कल्याण आणि ठाणे येथील जुन्या बैठ्या चाळींपुढे पुष्कळदा एक सामाईक अंगण असे. त्यात विहीर असे, कडेला प्राजक्त असे. उन्हात पापड-कुरडया वाळत आणि आंब्याच्या सावलीत मुले विटीदांडू खेळत. प्राजक्ताची फुले कोणाची, हा प्रश्न कोणाला पडत नसे. जो आधी उठे, त्याची परडी भरे. अंगण झाडण्यावरून कधी भांडणेही होत, हे खरे!

पुढे चाळींच्या जागी उंच इमारती आल्या. वाढत्या वस्तीला घरे हवीत. त्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती हरवलेल्या अंगणाविषयी. राज्यातील २०२० सालच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटर, म्हणजे सुमारे एक एकर, किंवा त्याहून मोठ्या भूखंडाचा दहावा हिस्सा मोकळा ठेवावा लागतो. परंतु पुष्कळ ठिकाणी आधी इमारती आखतात, मग वाहनांची जागा ठरवितात आणि उरलेल्या कोपऱ्याला बाग म्हणतात. त्यावरही फरशी बसविली की पावसाचे पाणी जमिनीत न मुरता रस्त्यावर धावते. कल्याणने २६ जुलै २००५ चा महापूर पाहिला आहे. बागांनी तो अडला नसता, हे कबूल; पण दरवर्षीच्या पावसाचे पाणी तरी त्या थोडेफार जिरवितील.

इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड या गृहस्थाने १८९८ साली उद्याननगरांची कल्पना पुस्तकरूपाने मांडली. तो स्थापत्यविशारद नव्हे, लघुलेखक होता. त्याच्या कल्पनेनुसार १९०३ पासून लेचवर्थ हे नगर वसू लागले. पुढे अमेरिकेत रॅडबर्न येथे १९२९ साली घरांची तोंडे रस्त्याऐवजी सामाईक बागेकडे वळविण्यात आली.

तसे येथेही करता येईल. जागा सोडावीच लागते, तर ती मागे न सोडता मध्यभागी सोडावी आणि घरे तिच्याभोवती बांधावीत, म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईला खेळणारे मूल दिसेल. शोभेच्या विदेशी झुडपांऐवजी बकुळ, बहावा, ताम्हण लावावेत. घोडबंदर रस्त्यावरील वसाहतींना तर येऊरचे डोंगर जवळच आहेत. तेथील पाखरे अशा झाडांवर येतील. रोपे जूनमध्ये लावावीत आणि पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात त्यांना पाणी घालण्याची पाळी मुलांकडे द्यावी. मोठ्या माणसांना सकाळची लोकल गाठायची असते. मुलांना मात्र सुट्टीत संध्याकाळ मोकळी असते.