जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. नोंदणी करणारांस आणखी एक वर्षाची सवलत मिळाली, इतकेच. विंडोज ११ करिता टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था व अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट असलेली असंख्य यंत्रे एकाएकी कालबाह्य ठरली. ज्या प्रणालीस सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत तिच्यावर बँकेचे व्यवहार करणे शहाणपणाचे नव्हे, हे खरे. पण म्हणून मुलांच्या अभ्यासाचे यंत्र भंगारात घालून नव्यासाठी कर्ज काढावे काय? वाचकहो, तसे करण्यापूर्वी लिनक्सचा विचार करावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

मुक्त प्रणालीचा हा प्रयत्न जुना आहे. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून लोकांपुढे ठेवला. आपल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही हाच गाभा आहे. ही प्रणाली कोणीही वापरावी, तपासावी, सुधारावी व दुसऱ्यास द्यावी, अशी तिच्या परवान्यातच मुभा आहे. मित्राला प्रत करून देणे येथे चोरी ठरत नाही. केरळातील सरकारी शाळांतील मुले तर कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवरच संगणक शिकत आली आहेत.

नवशिक्याने लिनक्स मिंट हा प्रकार घ्यावा. दोन जीबी स्मृतीवर तो चालतो. चार असल्यास बरे. तो पेनड्राइव्हवर उतरवून, यंत्रातील काहीही न पुसता, प्रथम चालवून पाहता येतो. वायफाय, छपाईयंत्र व आवाज ही तेव्हाच तपासून घ्यावीत. पत्रे व हिशेब यांसाठी लिबरऑफिस, महाजालासाठी फायरफॉक्स हे त्यात असतातच. मराठी टंकलेखनाचीही सोय होते.

मात्र अडचणी लपविणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. फोटोशॉप व टॅली यांवर ज्यांचा चरितार्थ चालतो, त्यांना ती येथे सरळ चालवता येणार नाहीत. अशांनी घाई करू नये. कायमची स्थापना करण्यापूर्वी छायाचित्रे व कागदपत्रे यांची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. एकदा पुसले गेलेले बहुधा परत मिळत नाही.

ज्या तरुणांस हे काम येते, त्यांनी विंडोजला नावे ठेवण्यात वेळ दवडू नये. एखाद्या रविवारी शेजारच्या काकांजवळ दोन तास बसावे, त्यांच्या डोळ्यांदेखत पेनड्राइव्ह लावून दाखवावा आणि पसंत पडल्यासच पुढे जावे. नंतर आठवडाभर त्यांच्या शंकांना उत्तरे देण्याची तयारीही ठेवावी. कारण नव्या माणसाची खरी अडचण पहिल्याच आठवड्यात असते.