अमृतमहोत्सवाची बिदागी

घरातील वडीलधाऱ्या माणसाची पंचाहत्तरी मायामीहून सुटणाऱ्या एखाद्या प्रचंड जहाजावर, कॅरिबियन समुद्रात, सगळ्या गोतावळ्यासह साजरी करावयाची, असा बेत अमेरिकेत स्थायिक झालेला मुलगा ज्या दिवशी जाहीर करतो, त्या दिवसापासून इकडच्या आप्तवर्गात त्या बेताची जी चिकित्सा सुरू होते, तिच्यात जिज्ञासा थोडी, मत्सर पुष्कळ आणि आव मात्र धर्मचिंतेचा असतो. शांत नाही, होम नाही, कुलदैवताला अभिषेक नाही, पंक्ती नाहीत; आणि हे सर्व टाकून त्या नाचगाण्याच्या तरंगत्या नगरीत म्हातारीला नेऊन बसविण्यात कसला आला आहे अमृतमहोत्सव, असा एकंदर सूर लागतो. समुद्रयानाला कलिवर्ज्यांत घालणाऱ्या शास्त्रकारांची आज्ञा आपण केव्हाच बासनात गुंडाळून ठेवली. परंतु समुद्रावर जाऊन पोट भरणाऱ्याला क्षमा करणारा आपला समाज समुद्रावर जाऊन आनंद करणाऱ्याला पाहून अजूनही नाक मुरडतो.

मी या पक्षाचा नाही. माझ्या थोरल्या वहिनींची पंचाहत्तरी, नातवंडांच्या शाळांची उन्हाळी सुटी साधून, अशीच पार पडली आणि तिला मी हजर होतो. ज्या बाईने लग्न होऊन आल्यापासून घरातील प्रत्येकाच्या वाढदिवसाला पुरण शिजविले, वाटले, आणि स्वतः मात्र सर्वांच्या मागून निवलेल्या पोळीवर तूप घालून घेतले, तिला तिच्या वाढदिवशी तरी सकाळी उठून ‘आज काय करायचे?’ हा प्रश्न पडू नये, एवढी एकच गोष्ट साधण्यासाठीसुद्धा घराचा उंबरठा सोडणे आवश्यक होते; कारण घरी राहून वहिनींना स्वस्थ बसविण्याचे पूर्वीचे सगळे प्रयत्न स्वयंपाकघराच्या दारातच निष्फळ ठरले होते. शिवाय मंगल कार्यालयात आलेला नातेवाईक पाकीट देऊन, जेवून, गाडी लावायला जागा नव्हती अशी तक्रार करून तासाभरात पसार होतो. भर समुद्रात त्याला पसार होता येत नाही. पुणे, न्यू जर्सी आणि डॅलस येथे विखुरलेली भावंडे रोज संध्याकाळी एकाच टेबलाशी बसतात, पहिल्या दिवशी हवापाण्याचे बोलतात, दुसऱ्या दिवशी मुलांच्या प्रवेशांचे, आणि तिसऱ्या दिवशी, दुसरा विषयच न उरल्यामुळे, वडिलोपार्जित घराच्या वाटणीचे. आणि समोर वहिनी बसलेल्या असल्यामुळे तेही आवाज न चढविता.

जहाजावर उघड्या ज्योतीला सक्त मनाई असते. मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन काहीही चालत नाही, आणि समुद्रात आगीइतके दुसरे भय नाही हे लक्षात घेता ती मनाई रास्तच म्हटली पाहिजे. सुनेने मुद्दाम आणलेले चांदीचे निरांजन म्हणून बॅगेतच राहिले आणि औक्षण झाले ते बॅटरीवर लुकलुकणाऱ्या दिव्याने. केबिनची व्यवस्था पाहणाऱ्या सेवकाने त्या दिवशी टॉवेलांच्या घड्या घालून पलंगावर एक हत्ती करून ठेवला होता, सोंड वर उचललेला. वहिनींनी त्याच्या कपाळी कुंकू लावले आणि नातवंडांनी टाळ्या पिटल्या. टॉवेलावरचा तो डाग पुढे कोणी धुतला याची चौकशी कोणी केली नाही, आणि मला जे सांगावयाचे आहे त्याचा आरंभ नेमका येथे होतो. घरच्या बायकांच्या अंगावरचे श्रम जहाजावर नाहीसे होत नाहीत. ते दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर जाऊन पडतात.

हा दुसरा कोण, हे कळण्यासाठी या धंद्याची घडण पाहावी लागते. जेट विमानांनी अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटींचे उतारू पळविले, तेव्हा उतारूंना फिरवून आणून जिथल्या तिथे सोडण्याचा उद्योग मायामीत मूळ धरू लागला. १९६६ साली नॉर्वेजियन, १९६८ साली रॉयल कॅरिबियन आणि १९७२ साली कार्निव्हल या कंपन्या उभ्या राहिल्या, आणि जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सफरीला निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावर तर वीस मजले आणि सुमारे २,३५० कर्मचारी आहेत. अमेरिकन उतारूंना घेऊन अमेरिकन बंदरातून सुटणाऱ्या या जहाजांच्या मागील अंगावर बहुधा नासाऊ किंवा पनामा असे परक्या बंदराचे नाव रंगविलेले असते. कारण जहाजाची नोंद परदेशच्या दफ्तरी केली की खलाशांना अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा लागत नाही. १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यामुळे परदेशी निशाणाच्या जहाजाला निव्वळ अमेरिकन बंदरांमध्ये उतारूंची ने-आण करता येत नाही, म्हणून वाटेत कोठे तरी परक्या भूमीला लागणे क्रमप्राप्त होते. आपण जिला हौसेची सफर समजतो तिचा निम्मा नकाशा असा वकिलांनी आखलेला असतो.

आमच्या टेबलाचा वाढपी वेंगुर्ल्याकडचा निघाला. यात नवल काही नाही. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरून आगबोटींवर चाकरीला जाण्याची परंपरा जुनी आहे. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गोवेकर दर्यावर्दींसाठी त्यांच्याच गावकऱ्यांनी स्थापन केलेले ‘कूड’ होते व त्यांपैकी काही आजही चालू आहेत, आणि आगबोटींच्या भटारखान्यांत नावाजलेली तीच चाकरी आता क्रूझच्या भोजनगृहात आली आहे. वहिनींनी त्याला, “बाळा, गणपतीला घरी जाणार ना?” असे विचारले, तेव्हा हातावरच्या थाळ्या जराही न कलू देता तो म्हणाला, “औंदा जावक मिळूचा नाय, काकी. काँट्रॅक्ट दिवाळीनंतर संपतला.” आणि दोनच मिनिटांनी केक घेऊन, आणखी पाचसहा सोबत्यांना गोळा करून, वहिनींच्या खुर्चीमागे तो इंग्रजीत वाढदिवसाचे गाणे म्हणू लागला. तेच गाणे त्याने त्या संध्याकाळी इतर टेबलांशीही तितक्याच उत्साहाने म्हटले. सागरी कामगारांविषयीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारात, ज्याला भारताने २०१५ साली मान्यता दिली, विश्रांतीची किमान मर्यादा आठवड्याला ७७ तास घातलेली आहे. १६८ मधून ७७ वजा केले की काय उरते, हे ज्याचे त्याने पाहावे.

मुदतीच्या करारावर घरापासून दूर राबणारी माणसे या समुद्राला नवी नाहीत. आमचे जहाज जेथे लागले ते जमैकातील फाल्मथ हे बंदर १७६९ साली वसले आणि साखरेवर व आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या घामावर श्रीमंत झाले. १८३८ च्या ३१ जुलैच्या रात्री, गुलामगिरीचा अंमल संपत असताना, विल्यम निब या धर्मोपदेशकाच्या मंडळीने बेडी, चाबूक आणि लोखंडी गळपट्टा एका शवपेटीत घालून येथेच पुरला. मळेवाल्यांना मग मजूर हवे होते. म्हणून १८४५ च्या मे महिन्यात पहिले हिंदी गिरमिटिये जमैकात उतरले आणि १९१७ पर्यंत त्यांची संख्या छत्तीस हजारांच्या घरात गेली. बकऱ्याच्या मटणाची जी करी आज जमैकाचे खास पक्वान्न म्हणून पाहुण्यांपुढे येते, ती त्या लोकांची देणगी. २०११ साली मोठ्या जहाजांसाठी बांधलेल्या धक्क्यालगत दुकानांचे एक स्वच्छ, कुंपण घातलेले नाट्यगृहच उभारलेले आहे, आणि पुष्कळ उतारू तेथूनच टोप्या विकत घेऊन परततात. कुंपणापलीकडे जुने गाव आहे, निबच्या नावाचे चर्च आहे. नातवंडांना घेऊन आम्ही तेथवर गेलो. त्यांनी आइस्क्रीमची आठवण वारंवार करून दिली, हेही नमूद करतो.

आता मूळ मामल्याकडे येतो. बहुतेक कंपन्या माणशी दररोज साधारण १६ ते २० डॉलर सेवकांच्या बिदागीपोटी उतारूच्या खाती आपोआप टाकतात, आणि विनंती केल्यास ती रक्कम पुष्कळदा कमी करून किंवा काढूनही मिळते. सफर संपत आली की चौकशीच्या खिडकीपुढे रांग लागते, आणि तिच्यातील काही मंडळी त्यासाठीच उभी असतात. ‘पगार कंपनीने द्यावा, आम्ही का?’ हा त्यांचा सवाल तत्त्वतः बिनतोड आहे, आणि तो कंपन्यांना विचारण्याचे काम माणसे पाठविणाऱ्या आपल्या सरकारनेही अधिक नेटाने केले पाहिजे. परंतु तिकीट इतके स्वस्त मिळाले ते पगाराचा मोठा वाटा उतारूने द्यावयाचा या बोलीवरच. स्वस्ताईचा लाभ आधी पदरात पाडून घ्यावयाचा आणि तत्त्व मात्र खिडकीपाशी आठवावयाचे, याला मी सौजन्याने काटकसर म्हणणार नाही. दहा माणसांच्या कुटुंबाला सात रात्रींसाठी, १८ डॉलरच्या दराने, ही बिदागी १,२६० डॉलर होते. कार्याच्या अंदाजपत्रकात आचाऱ्याची मजुरी आणि भटजींची दक्षिणा जशी अगोदर मांडतात, तशी ती यजमानाने जहाजाचे आरक्षण करतानाच मांडावी, आणि ज्याला ती झेपत नसेल त्याने चार रात्रींची सफर करावी. केबिनवाल्याच्या आणि वाढप्याच्या हाती स्वतंत्र पाकीट द्यावयाचे ते याखेरीज. आणि रांगेत उभे राहून वाचविलेल्या पैशांतून मायामीच्या विमानतळावर जो चॉकलेटे घेईल, त्याने ती निदान आईच्या पंचाहत्तरीची म्हणून गावभर वाटू नयेत.