भिंतीवरची बाई कोणाला विचारून काढली?

ठाकूरद्वारच्या एका वाडीच्या कंपाउंडवर गेल्या महिन्यात ‘मानसिक आरोग्य जागृती’चं चित्र रंगलं. काळ्या रंगात केस मोकळे सोडलेली, डोकं गच्च धरलेली बाई. शेजारी डोक्यातून फुलं उगवलेली हसरी बाई आणि मोठ्या अक्षरांत ‘सकारात्मक रहा!’ मंडळाच्या मुलांनी मनापासून मेहनत घेतली, त्यांच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही.

पण त्याच वाडीत ११ वर्षं गोळ्या घेणारी, पोळ्या करून घर चालवणारी एक बाई राहते. रंग वाळायच्या आत पोरं तिला म्हणाली, “काकू, भिंतीवर तुमचा फोटो आलाय!” तेव्हापासून ती मागच्या जिन्यानं ये-जा करते.

मैत्रिणींनो, मोकळ्या केसांची बाई आपल्याकडे काय सांगते? झपाटलेली, अंगात आलेली, घराबाहेर काढावी अशी. हीच बाई नवऱ्याच्या वकिलाच्या नोटिशीतही असते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात गंभीर मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण आहे. त्याचा धाक घालून माहेरी धाडलेल्या बायका मला कामात भेटतात. त्यांना ‘सकारात्मक रहा’ सांगायचं?

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार रुग्णालयात उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो तिच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देता येत नाही. चित्राला ही अट नाही, म्हणून विचारायचंच नाही? २००९ साली तुळशी पाईप रोडची भिंत रंगवायला सामान्य मुंबईकरांना बोलावलं होतं. मग इथे, जिचा विषय तिच्याच हातात ब्रश का नाही?

आमच्या गटात मी विचारलं, तुम्ही काय काढाल? एक म्हणाली, ओपीडीची रांग, हातात केसपेपर आणि भाजीची पिशवी. दुसरी म्हणाली, देव्हाऱ्यामागे लपवलेला गोळ्यांचा डबा. पोळ्यावाली म्हणाली, “मला काढूच नका. पाठमोरीसुद्धा नको.” हेही उत्तरच आहे. (आणि आपल्या पोस्टरांवर आपणही वर्षानुवर्षं तीच डोकं धरलेली बाई छापली, हे कबूल करू या.)

मंडळाकडे आमची मागणी साधी आहे. ती घोषणा पुसा. तिथे १४४१६ लिहा. २०२२ पासून सुरू असलेली ही ‘टेलि-मानस’ची मोफत हेल्पलाइन आहे. चित्र मात्र बायकांना विचारून नव्यानं काढा.

रविवारी बैठक आहे. पोळ्यावाली येणार नाही. तिचं म्हणणं तिनं मला लिहून दिलं आहे.