शेअरपॉइंट: पॅच टाकला, म्हणजे सुटलो का?

फोनवर आपण अपडेट दाबतो, फोन रिस्टार्ट होतो, विषय संपतो. ऑफिसच्या फाइल्स सांभाळणाऱ्या शेअरपॉइंटचं मात्र तसं नाही. जुलै 2025 मध्ये ते चांगलंच दिसलं.

मायक्रोसॉफ्टने 8 जुलैला पॅच दिला होता. हल्लेखोरांनी त्यातूनही वाट काढली, म्हणून 20 आणि 21 जुलैला नवे पॅच आले. धोका कंपन्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवरच्या शेअरपॉइंटला होता, क्लाउडवरच्या शेअरपॉइंट ऑनलाइनला नाही.

मोठ्या ऑफिसात शेअरपॉइंट अनेक सर्व्हर मिळून चालवतात. पॅच प्रत्येकावर टाकायचा, मग प्रत्येकावर कॉन्फिगरेशन विझार्ड चालवायचा. एक जरी सर्व्हर राहिला, तरी चोराला तेवढं दार पुरतं.

पण मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. हल्लेखोर सर्व्हरची ‘मशीन की’ चोरत होते. ती हातात असली की बनावट रिक्वेस्टही सर्व्हरला खरी वाटते, अगदी पॅच टाकल्यावरसुद्धा. म्हणूनच मायक्रोसॉफ्टने की बदलून सगळ्या सर्व्हरवर आयआयएस रिस्टार्ट करायला सांगितलं.

तेव्हा तुमच्या ऑफिसात कोणी ‘पॅच टाकलाय’ म्हणालं, तर पुढचं विचाराच: सगळ्या सर्व्हरवर टाकला का? आणि की बदलली का?