विषाणूजन्य हिपॅटायटीसचे निर्मूलन (पिपरी मेघे व वर्धा परिसर)

विषाणूजन्य हिपॅटायटीसचे निर्मूलन हे सार्वजनिक आरोग्याचे एक उद्दिष्ट आहे. विषाणूंमुळे यकृताला येणारी सूज, म्हणजेच हिपॅटायटीस, हा व्यापक आरोग्यप्रश्न उरू नये, असा त्याचा आशय आहे. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारलेल्या धोरणानुसार २०१५ च्या तुलनेत २०३० पर्यंत हिपॅटायटीसचे नवे संसर्ग ९० टक्क्यांनी व मृत्यू ६५ टक्क्यांनी कमी करावयाचे आहेत. भारतात यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेत हे उद्दिष्ट ग्रामपंचायत आणि रुग्णालये अशा दोन निराळ्या यंत्रणांवर अवलंबून आहे.

पाण्यातून होणारा प्रसार

हिपॅटायटीस ए व ई हे प्रकार दूषित पाण्यातून व अन्नातून पसरतात. २०१२ साली इचलकरंजीत हिपॅटायटीस ईची मोठी साथ आली होती. हा प्रकार गर्भवतींना विशेष घातक ठरतो. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

पिपरी मेघेची जनगणनेत शहर म्हणून गणना होते, पण स्थानिक कारभार ग्रामपंचायतीकडे आहे. अशा वस्त्यांत घरांची दाटी शहरासारखी असते. सांडपाण्याची व्यवस्था मात्र त्या वेगाने वाढतेच असे नाही. नळाला ठरावीक वेळीच पाणी येत असल्यास, पुरवठा बंद असताना फुटक्या जलवाहिनीत गटाराचे पाणी शिरू शकते. त्यामुळे गळती दुरुस्त करणे, पाण्यात टीसीएल पावडर योग्य प्रमाणात टाकणे आणि क्लोरीनची ओटी चाचणी नियमित घेणे ही जलसुरक्षकाची साधी कामेही निर्मूलनाचा भाग ठरतात.

रक्तातून होणारा प्रसार

हिपॅटायटीस बी व सी रक्तातून आणि दूषित सुयांतून पसरतात. बी शरीरसंबंधातून व प्रसूतीवेळी मातेकडून बाळालाही होतो. गुजरातमधील मोडासा येथे २००९ साली आलेल्या हिपॅटायटीस बीच्या साथीचा संबंध पुन्हा वापरलेल्या सिरिंजांशी जोडला गेला. जन्मतः संसर्ग झालेल्या बहुसंख्य बालकांत बी दीर्घकालीन होतो, तर प्रौढांत हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. म्हणूनच लसीची पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत देणे निर्णायक ठरते. पिपरी मेघेच्या परिसरात सेवाग्राम व सावंगी मेघे येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. प्रसूती रुग्णालयात झाली, तर ही मात्रा वेळेत देणे सोपे जाते.

निदान व मूल्यमापन

लोकव्यवहारात या सर्व प्रकारांना सरसकट ‘कावीळ’ म्हटले जाते. प्रत्यक्षात कावीळ हे लक्षण आहे. बी व सीचे अनेक रुग्ण वर्षानुवर्षे लक्षणांविना राहतात आणि सिरॉसिस किंवा यकृताचा कर्करोग झाल्यावरच आजार उघड होतो. २०२२ अखेर जगातील हिपॅटायटीस बीच्या केवळ १३ टक्के रुग्णांचे निदान झालेले होते. सीवर लस नाही, मात्र सोफोसबुविर व डॅक्लाटास्विर या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण साधारणतः १२ आठवड्यांत बरे होतात. बीवरील औषधे बहुधा दीर्घकाळ घ्यावी लागतात. राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत.

त्यामुळे काविळीचे रुग्ण घटले म्हणून निर्मूलन झाले, असा निष्कर्ष काढता येत नाही. पाण्याची साथ आटोक्यात आली, तरी रक्तातून पसरणारा संसर्ग तसाच राहू शकतो. त्याचे मोजमाप गर्भवतींच्या तपासण्या, २४ तासांतील लसीकरण आणि पूर्ण झालेले उपचार यांवरूनच होऊ शकते.