पद कोण कोणाला म्हणत आहे?

वैद्यक व्यावसायिकांच्या स्मरणिकेत संगीत नाटकावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही सहकाऱ्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मधुमेह आणि रक्तदाब यांवर माझ्याहून अधिकाराने लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर असे की, गोव्यात दवाखाना थाटलेला डॉक्टर आयुष्यात केव्हातरी जत्रेच्या नाटकात तोंडाला रंग लावतो. आणि तो योग नसेल तर निदान रंग लावणाऱ्याच्या बसलेल्या घशावर प्रयोगाच्या दिवशी दुपारी चार वाजता उपचार तरी करतोच. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

मला जे म्हणायचे आहे ते प्रारंभीच सांगतो. आपण नाट्यगीते जपली आणि नाटक मात्र सोडून दिले. गावोगावच्या मंडळांत, वाढदिवसांच्या सोहळ्यांत आणि आपल्याही स्नेहसंमेलनांत गेली कित्येक वर्षे ‘नाट्यसंगीत रजनी’ रंगतात. मंचावर तबला असतो, ऑर्गन असतो, शाली-श्रीफळ असते. नसते ते फक्त नाटक. अशा मैफलीनंतर मी तरुण गायकांना एक साधा प्रश्न विचारतो, की आत्ता तुम्ही म्हटलेले पद नाटकात कोण कोणाला उद्देशून म्हणतो? राग कोणता, ताल कोणता, हे ते बिनचूक सांगतात. या प्रश्नाला मात्र बहुतेक वेळा एक सुंदर स्मितहास्य मिळते. दोष त्यांचा नाही. त्यांना ते पद कोणी नाटकातून शिकवलेलेच नाही.

संगीत नाटकाचा जन्म गाण्याच्या मैफलीतून झालेला नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले, तेव्हा पूर्वीच्या पौराणिक नाटकातील एक अडचण त्यांनी दूर केली. त्या खेळांत गाण्याचा भार सूत्रधाराने वाहायचा आणि पात्रांनी हावभाव करून मग आयत्या वेळचे भाषण करायचे, अशी रीत होती. किर्लोस्करांनी ज्याचे दुःख त्याच्याच तोंडी गाणे दिले. साकी, दिंडी, कामदा, ओवी, लावणीच्या चाली, कानडी पदांच्या चाली असे जे जे कानांवर होते ते सारे त्यांनी कामाला लावले. त्या छापील नाटकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचा उल्लेख असतो. म्हणजे चाल आधीची, शब्द नंतरचे. असे असूनही ते शब्द पात्राच्या स्वभावातून आल्यासारखे वाटतात, हे कसब सोपे नव्हे.

१८८२ सालच्या ‘सौभद्रा’तला एकच प्रवेश पाहू. कृष्ण आणि रुक्मिणी यांचा रात्रीचा संवाद संपत आला आहे आणि कृष्ण एका पदातून तिला सांगतो की रात्र सरली, पहाट होत आहे. आज मैफलीत हे पद देशकाराचा उत्तम नमुना म्हणून गायले जाते आणि ते तसे आहेच. परंतु ज्या काळी रंगमंचावर तेलाचे दिवे जळत होते, पहाटेचा निळा प्रकाश टाकण्याची काही सोय नव्हती, त्या काळी ती पहाट प्रेक्षकांना दाखवायची कशी? ते काम हे पद करते. प्रकाशयोजना, नेपथ्य आणि नवराबायकोतला लडिवाळपणा असे तिन्ही एका पदात सामावले आहे. त्यातला राग तेवढा काढून घेणे म्हणजे रोग्याला न पाहता नुसती क्ष-किरण पट्टिका पाहण्यासारखे आहे. निदान चुकते असे नाही, पण माणूस दिसत नाही.

देवलांच्या बाबतीत तर मी थोडा पक्षपाती आहे, हे मान्य करतो. १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘शारदे’त तिच्या मैत्रिणी म्हाताऱ्या नवऱ्यामुलाच्या वयावरून, दातांवरून, वाकलेल्या पाठीवरून जे पद म्हणतात, त्यातला एकही शब्द विहिरीवर किंवा माजघरात ऐकू येणार नाही असा नाही. प्रेक्षक हसतात आणि हसता हसता त्यांच्या लक्षात येते की ही थट्टा ज्या मुलीसमोर चालली आहे तिलाच तो म्हातारा दाखवला जाणार आहे. हसू घशातच अडकते. मराठी रंगभूमीवरील पदरचनेचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. (१९२९ सालच्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणत, त्यामुळे तो या नाटकावरून आला असा अनेकांचा समज असतो. तो कायदा हरबिलास सारडा यांच्या नावाचा. पण समज चुकीचा असला तरी देवलांना तो शोभून दिसतो.)

यापुढचे माझे मत काही वडीलधाऱ्यांना रुचणार नाही. १९११ साली ‘मानापमान’ आले, गोविंदराव टेंबे यांनी त्याला पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याचे नवे वळण दिले. १९१६ साली ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखले यांच्या चाली लाभल्या. संगीताच्या दृष्टीने हे सुवर्णयुगच. पण खाडिलकरांच्या गद्याला जी धार आहे ती त्यांच्या पदांना नाही. चालीच्या मापात बसवताना वाक्ये उलटीपालटी झाली, जोडाक्षरांची दाटी झाली आणि अन्वय लावण्यासाठी पुस्तक उघडावे लागावे अशी कित्येक पदे तयार झाली. बालगंधर्वांच्या गळ्यातून ती आली म्हणून त्यांचे दोष कोणाला ऐकू आले नाहीत. येथूनच प्रेक्षकाची सवय बदलली. तो पदातून कथा ऐकेनासा झाला, गळा ऐकू लागला. १९१९ सालच्या ‘एकच प्याला’तील पदे तर नाटककाराची नाहीतच, गडकरी जानेवारीत निवर्तले आणि पदे वि. सी. गुर्जर यांनी रचली. सिंधूची पदे लोकप्रिय झाली हे खरे, पण सुधाकराच्या ऱ्हासाचे जे भेदक चित्र आहे ते गद्यातच आहे. मद्यपाशाचे रुग्ण रोज पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते गद्य आजही अस्वस्थ करते. पदे तसे करीत नाहीत.

मग ‘वन्समोअर’ आला. एका पदासाठी नाटक तीनतीनदा थांबू लागले. आपल्याकडच्या जत्रांत रात्री उशिरा सुरू झालेले नाटक उजाडेपर्यंत चालते, त्यातला फार मोठा वाटा या ‘वन्समोअर’चा. एका गावी मी पाहिले, की नायिका मूर्च्छित पडली आहे आणि तिच्या उशाशी बसलेला नायक टाळ्यांच्या आग्रहास्तव तेच पद चौथ्यांदा आळवीत आहे. मूर्च्छा एवढा वेळ टिकली तर काय करावे, हे वाचकांना सांगायला नको.

या बाबतीत आपल्याच गोव्यातील कोंकणी तियात्राकडे पाहावे असे मला वाटते. तियात्रात दोन प्रवेशांच्या मध्ये पडद्यापुढे येऊन जी कांतारे गातात, त्यांतील बरीचशी कथानकाशी संबंध नसलेली असतात आणि तसा दावाही कोणी करीत नाही. राजकारण, महागाई, गावातली भानगड यांवर ती खुशाल बोलतात. पडदा उघडला की कथा पुढे सुरू. त्यात प्रामाणिकपणा आहे. आमचे संगीत नाटक मात्र गाणे कथेच्या पोटातले आहे असे सांगते आणि कथा बाहेर उभी ठेवून गाते.

हे सारे बदलता येते, हेही आपल्याच माणसाने दाखवून दिले. मंगेशीचे पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी १९६४ साली वसंत कानेटकरांच्या ‘मत्स्यगंधा’ला चाली दिल्या. दि गोवा हिंदू असोसिएशनची निर्मिती, पराशर रामदास कामत आणि सत्यवती आशालता, दोघेही गोव्याचे. पदे थोडी आणि आटोपशीर. चाल रागावर उभी असली तरी शब्द ओळीच्या शेवटपर्यंत स्पष्ट कळतो. पराशराचे वैराग्य डळमळते ते गाण्यात डळमळते, गाण्यानंतर नव्हे. त्यांच्यापूर्वी केशवराव भोळे यांनी १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’त मोजक्या भावगीतवजा गाण्यांनी ही वाट दाखवली होती. १९६७ सालच्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये दारव्हेकरांनी वेगळीच युक्ती केली. संघर्षच दोन घराण्यांच्या गायकीचा ठेवला, त्यामुळे तेथे गाणे म्हणजेच घटना. डॉ. वसंतराव देशपांडे यांचा खाँसाहेब गात नाही, तो लढतो. (हे डॉक्टर आपल्या धंद्यातले नव्हेत, हे नवीन सभासदांसाठी सांगून ठेवतो.)

गाणे नको तेथे ते टाळणे हेही गीतरचनेचेच ज्ञान होय. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून अमेरिकेत १९५६ साली ‘माय फेअर लेडी’ हे गाण्यांनी भरलेले नाटक झाले. पु. ल. देशपांडे स्वतः संगीतकार, पेटीवर हुकमी हात. तरीही १९७५ साली ‘ती फुलराणी’ लिहिताना त्यांनी तिचे संगीत नाटक केले नाही. मंजुळेचा संताप त्यांनी लयबद्ध स्वगतात ओतला. भाषेचे नाटक भाषेनेच जिंकावे, एवढा विवेक त्यात आहे.

आणि संगीत नाटक संपले असे म्हणणाऱ्यांना २०१७ साली प्राजक्त देशमुखांच्या ‘संगीत देवबाभळी’ने परस्पर उत्तर दिले. दोनच स्त्रिया: पायात काटा रुतलेली गर्भार आवली आणि तिच्या शुश्रूषेला लखुबाईच्या रूपात आलेली रुक्मिणी. एकीचा नवरा विठ्ठलापायी घर विसरला आहे, दुसरीचा नवरा प्रत्यक्ष विठ्ठल आहे. तेथे गाणे काढून घेतले तर नाटकच उरत नाही. ते पाहायला तरुण प्रेक्षक आले, आणि आपल्या मुलांना हा प्रकार आवडत नाही ही तक्रार मी तेव्हापासून ऐकून घेत नाही.

गोव्यात अजून देवळांच्या मांडवांत संगीत नाटके होतात, कला अकादमीची संगीत नाट्यस्पर्धा वर्षानुवर्षे होत आली आहे, आणि पदे गाऊ शकणारी मुले-मुली प्रत्येक तालुक्यात आहेत. येथे तरी गळ्यांची वाण नाही. वाण आहे ती नवे लिहिणाऱ्यांची, आणि गायकाला अभिनय शिकवणाऱ्या तालीममास्तरांची. मैफली वाढवून ही वाण भरून निघणार नाही, कारण मैफलीत या दोघांचेही काम पडत नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवतो. येत्या संमेलनात नाट्यसंगीत रजनी न ठेवता ‘शारदे’चा एक अंक गद्यासकट करावा. पदे कापायची असतील तर खुशाल कापावीत, संवाद कापू नयेत; ‘वन्समोअर’ घेतला जाणार नाही अशी पाटी प्रवेशद्वारावर लावावी. मुलींच्या भूमिकांसाठी आपल्या सभासदांच्या कन्या आहेत, ऑर्गन आणि तबला वाजवणारे दोघे सभासद मला ठाऊक आहेत. तालमी रविवारी संध्याकाळी, म्हणजे प्रसूतिगृहवाल्यांखेरीज कोणाला सबब राहणार नाही. म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या भूमिकेसाठी वयाच्या अटीत बसणारे अनेक आहेत. कोणी पुढे न आल्यास माझे नाव लिहून घ्यावे.