गोठलेल्या तळ्यातील अदृश्य कामकरी

राखेच्या बुधवारी कपाळी राख घेताना आपण मातीस परत जाण्याचे स्मरण करितो. परंतु मातीस परत नेण्याचे काम प्रत्यक्ष कोण करितो, हा विचार आमच्या मनास क्वचितच शिवतो. मंदिराच्या आवारातील आंब्याची पाने एका पावसाळ्यात कुजून जातात, म्हणून ते आपोआप घडते असे आम्हांस वाटते.

१९४२ साली इंग्लंडात इन्गोल्ड नामक वनस्पतिशास्त्रज्ञाने ओढ्यात कुजणाऱ्या अल्डर वृक्षाच्या पानांवर पाण्यात राहणाऱ्या बुरशींचा एक समूहच शोधून काढिला. त्यांतील पुष्कळांचे बीजाणू चार भुजांचे असून जहाजाच्या नांगराप्रमाणे पानास अडकतात. बुरशी व जिवाणू पान मऊ करितात, मग किड्यांच्या अळ्या ते कुरतडतात. अळ्यांवर मासे जगतात आणि माशांवर माणसे. २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात पोप फ्रान्सिस महाशयांनी बुरशी, किडे व सूक्ष्म जीव ह्यांचा मुद्दाम उल्लेख केला आहे. तो वाचून काही सुशिक्षित मंडळी हसली होती. आम्हीही प्रथम किंचित हसलो, हे कबूल केले पाहिजे.

आता सैबेरियातील नोरिल्स्क नगराकडे वळू. २९ मे २०२० रोजी तेथील वीजकेंद्राची डिझेलची टाकी खचली व सुमारे २१,००० टन तेल वाहून गेले. सरकारी हिशेबाने त्यांपैकी १५,००० टन पाण्यात शिरले. अंबार्नाया नदी लाल झाली. तेल पुढे प्यासिनो तळ्यात पोहोचल्याचे प्रांताच्या राज्यपालांनी सांगितले. कंपनीने ते नाकारले. २०२१ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने सुमारे १४६ अब्ज रूबल भरपाई ठोठावली.

भरपाई माणसांस समजते, बुरशीस नाही. डिझेलमधील हलकी द्रव्ये विषारी असतात. उष्ण देशात ती लवकर उडून जातात, थंडीत पाण्यातच रेंगाळतात. तेल खाणारे जिवाणूही असतात, हे खरे. परंतु तेलात कर्ब भरपूर असला तरी नायट्रोजन व फॉस्फरस जवळजवळ नसतात. ते ह्या जिवाणूंस पाण्यातूनच घ्यावे लागतात, आणि पान कुजविणाऱ्यांसही तेच हवे असतात. उत्तरेकडील तळ्यांत ते मुळातच थोडे. म्हणून पाण्यात जिवाणू वाढलेले दिसले तरी तळे सुधारले असे समजू नये. एकाच ताटावर नवे पाहुणे बसले आणि घरची माणसे उपाशी राहिली, असाही त्याचा अर्थ असू शकतो.

त्यात प्राणवायूची अडचण. एक किलो डिझेल पूर्णपणे विघटित होण्यास सुमारे साडेतीन किलो प्राणवायू लागतो. थंड पाणी तो अधिक धरून ठेविते, तरी तेवढ्यासाठी दोन लाख लिटरांहून अधिक पाण्यातील सारा प्राणवायू खर्ची पडेल. प्यासिनो तळे ऑक्टोबरापासून जूनपर्यंत बर्फाखाली असते. तेव्हा वरून नवी हवा मिळत नाही.

खत घालून जिवाणूंस मदत करावी, असे कोणी सुचवील. १९८९ साली अलास्काच्या तेलाने माखलेल्या समुद्रकिनाऱ्यांवर तसे केलेही होते. पण बंदिस्त तळ्यात खत पडले की शेवाळ माजते आणि ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही खाते. मग भरवसा ठेवायचा तो उन्हाळ्यावर, आणि तेथला उन्हाळा जेमतेम तीन महिन्यांचा.